विश्लेषण : चषक जिंकला आणि दहा आठवड्यांत राजीनामा... बिल शँकली यांना निवृत्ती हवी होती की विश्रांती?

हंगाम यशस्वी ठरला की फुटबॉल क्लबच्या मॅनेजरचा करार वाढतो, पगार वाढतो, पुढच्या हंगामासाठी नवे खेळाडू घेतले जातात. लिव्हरपूलचे बिल शँकली यांनी १९७४ मध्ये नेमके याच्या उलट केले. मे महिन्यात एफए चषक जिंकला आणि जुलैमध्ये पद सोडले. थकलेल्या माणसाने घेतलेला तो निर्णय होता. पण थकवा उतरला, तेव्हा परतीची वाट उरलेली नव्हती. मोठ्या यशानंतर वर्षभर सुट्टी घेणारे प्रशिक्षक आज पाहायला मिळतात. ही सोय नसलेल्या काळात एका मोठ्या मॅनेजरचे काय झाले, हे शँकली यांच्या आयुष्यातून कळते.

१२ जुलै १९७४ रोजी काय घडले?

त्या शुक्रवारी लिव्हरपूल क्लबने पत्रकारांना ॲनफिल्डवर बोलावले. आर्सेनलचा रे केनेडी विकत घेतल्याची बातमी असेल, असा अनेकांचा अंदाज होता. ती बातमी होतीच. पण अध्यक्ष जॉन स्मिथ यांनी आधी दुसरीच घोषणा केली. साडेचौदा वर्षे संघाची धुरा वाहणारे शँकली निवृत्त होत होते.

शहराचा विश्वास बसेना. क्लबच्या दूरध्वनीवर चौकशीची रीघ लागली. काही कारखान्यांतील कामगारांनी शँकली परत आले नाहीत तर संप करण्याची भाषा केली. ग्रॅनडा वाहिनीच्या वार्ताहराने रस्त्यावरच्या लोकांना बातमी सांगितली, तेव्हा ते त्याच्याकडे थट्टा चालल्यासारखे पाहू लागले. ते चित्रीकरण आजही पाहायला मिळते.

लोकांच्या धक्क्याला कारण होते. ४ मे रोजी वेम्बलीवर लिव्हरपूलने न्यूकॅसलला ३-० असे हरवले होते. केव्हिन कीगनने दोन आणि स्टीव्ह हायवेने एक गोल केला होता. सामना संपल्यावर दोन चाहते मैदानात धावत आले आणि शँकली यांच्या पायाशी वाकले. संघ ऐन भरात होता, बहुतेक खेळाडू तरुण होते. अशा वेळी मॅनेजर पद सोडेल, हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

शँकली आले कुठून?

स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यात ग्लेनबक नावाचे एक छोटे गाव होते. गावाला आधार कोळशाच्या खाणींचा. करमणूक एकच, ती म्हणजे फुटबॉल. या एवढ्याशा गावाने सुमारे ५० व्यावसायिक फुटबॉलपटू दिले. तिथे २ सप्टेंबर १९१३ रोजी बिल शँकली यांचा जन्म झाला. दहा भावंडांतील ते नववे. पाच भाऊ आणि पाच बहिणी. पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले. त्यांतले बॉब शँकली पुढे डंडी संघाचे मॅनेजर झाले आणि त्यांनी १९६२ मध्ये त्या संघाला स्कॉटिश लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि बिल खाणीत लागले. आधी खाणीच्या तोंडाशी कोळशातले दगड वेचणे, मग खाली अंधारात कोळशाच्या गाड्या ढकलणे. दोन वर्षांनी खाण बंद पडली आणि काम गेले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे फुटबॉल हा छंद राहिला नाही. गावातून बाहेर पडण्याची ती एकमेव वाट होती.

खाणीने त्यांना एक गोष्ट शिकवली. ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. खाली उतरलेला प्रत्येक जण शेजारच्यासाठी राबतो, आणि जे मिळते त्यात सगळ्यांचा वाटा असतो. पुढे त्यांनी संघ बांधला तो याच समजुतीवर. ते स्वतःला समाजवादी म्हणवत; पण त्यांचा समाजवाद पुस्तकातून आलेला नव्हता.

काम नसलेले दिवस कसे असतात, हेही त्यांनी त्याच वयात पाहिले.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?

१९३२ मध्ये कार्लाइल युनायटेडने त्यांना घेतले. वर्षभरातच प्रेस्टन नॉर्थ एंडने ५०० पौंड मोजून त्यांना आपल्याकडे आणले. ते मधल्या फळीत उजव्या बाजूने खेळत. पहिल्याच हंगामात प्रेस्टनला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. १९३७ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात प्रेस्टन संडरलँडकडून हरले. पुढच्याच वर्षी हडर्सफील्डविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या मिनिटाला जॉर्ज मच यांनी पेनल्टीवर गोल केला आणि चषक प्रेस्टनला मिळाला. शँकली स्कॉटलंडकडूनही खेळले.

मग दुसरे महायुद्ध आले. फुटबॉलपटूच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची वर्षे, वयाच्या २६ पासून ३२ पर्यंतची, हवाई दलाच्या गणवेशात गेली. तिथेच नेस यांची भेट झाली. १९४४ मध्ये लग्न झाले. युद्ध संपून लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा शँकली ३३ व्या वर्षात होते. गेलेली वर्षे परत मिळणार नव्हती. ती भरून काढण्याचा एकच मार्ग त्यांना दिसत होता, तो म्हणजे मॅनेजर होणे.

१९४९ मध्ये ते कार्लाइलचे मॅनेजर झाले. पुढे ग्रिम्सबी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड असा प्रवास झाला. सगळीकडे गोष्ट तीच. संघ सुधारायचा, पण संचालक पैसा सोडायचे नाहीत आणि शँकली पुढच्या गावाला निघायचे. हडर्सफील्डमध्ये त्यांनी डेनिस लॉ नावाच्या १६ वर्षांच्या, किरकोळ अंगाच्या मुलाला पहिल्या संघात उतरवले. तोच लॉ पुढे युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

लिव्हरपूलने १९५१ मध्येही त्यांची मुलाखत घेतली होती. संघ निवडण्याचा अधिकार पूर्णपणे मॅनेजरचा असावा, अशी त्यांची अट होती. संचालकांना ती मान्य नव्हती. आठ वर्षांनी लिव्हरपूलने पुन्हा बोलावले तेव्हा मात्र ती मान्य झाली.

ॲनफिल्डवर त्यांनी काय बदलले?

डिसेंबर १९५९ मध्ये शँकली रुजू झाले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत होते. मैदानावर पाणी मारण्याची धड सोय नव्हती. मेलवूड या सरावाच्या जागेवर गवत माजले होते. शँकली यांच्या कारकिर्दीतला पहिलाच सामना संघ कार्डिफकडून ०-४ असा हरला. वर्षभरात त्यांनी २४ खेळाडूंना निरोप दिला.

सहकाऱ्यांना मात्र हात लावला नाही. बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट हे प्रशिक्षक आधीपासून क्लबमध्ये होते. निष्ठा ठेवा, नोकरी जाणार नाही, असा शब्द त्यांनी या मंडळींना दिला. खेळाडूंचे बूट ठेवायच्या एका छोट्या खोलीत हे सगळे जमत. रोजच्या सरावात काय केले, कोणाला कशी दुखापत झाली, हवा कशी होती, याच्या नोंदी वहीत होत. पुढे ही खोली ‘बूट रूम’ म्हणून जगभर ओळखली गेली. गंमत म्हणजे स्वतः शँकली तिथे फारसे बसत नसत. पण शिरस्ता त्यांच्या छत्राखालीच पडला. मॅनेजर गेला तरी वही राहील, अशी ती व्यवस्था होती. पुढे जे घडले त्याचे मूळ इथेच आहे.

सराव बदलला. रस्त्यावरची लांबलचक धाव बंद झाली आणि सगळे काही चेंडूसह होऊ लागले. पाच-पाच जणांचे छोटे सामने हा रोजचा पाठ झाला. चारी बाजूंना लाकडी फळ्या उभ्या करून आत एका खेळाडूला चेंडू मारत ठेवायचे, चेंडू परत आला की लगेच पुन्हा मारायचा, असा एक व्यायाम होता. खेळाडू कपडे बदलायचे ॲनफिल्डवर, बसने मेलवूडला जायचे आणि सराव संपला की बसनेच परत येऊन आंघोळ आणि जेवण करायचे. वाटेत शरीर हळूहळू थंड होई. दुखापती कमी राहण्यामागे हे एक कारण मानले जाते. १९६५-६६ चे लीग विजेतेपद लिव्हरपूलने अवघ्या १४ खेळाडूंच्या बळावर मिळवले.

१९६१ मध्ये इयन सेंट जॉन आणि रॉन येट्स आले. १९६२ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत गेला. १९६४ मध्ये लीग, १९६५ मध्ये क्लबच्या इतिहासातला पहिला एफए चषक, १९६६ मध्ये पुन्हा लीग. पूर्ण लाल गणवेशही त्यांचाच. पांढरी चड्डी आणि पांढरे मोजे १९६४-६५ च्या हंगामात गेले.

मॅनेजरवर भार किती होता?

क्रिकेटमध्ये निवड समिती, कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्यात कामे वाटलेली असतात. त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हे सगळे एकत्र. संघ निवडायचा, सरावावर लक्ष ठेवायचे, नवे खेळाडू शोधायला रात्री दूरच्या गावी सामने पाहायला जायचे, त्यांच्या किमतीवरून संचालकांशी भांडायचे आणि हरल्यावर उत्तरही द्यायचे. आजच्यासारखा डझनावारी तज्ज्ञांचा ताफा नव्हता.

शँकली यांनी यात स्वतःची भर घातली होती. चाहत्यांच्या पत्रांना ते स्वतः टाइप करून उत्तरे पाठवत. दारू नाही, सिगारेट नाही, दुसरा छंद नाही. वेस्ट डर्बी भागातील साध्या घरात ते राहत. पगार वाढला, कीर्ती वाढली, तरी घर शेवटपर्यंत तेच राहिले.

हंगाम संपल्यावरचा उन्हाळा त्यांना सर्वांत जड जाई. सामने नाहीत, सराव नाही. या मोकळ्या आठवड्यांत त्यांनी पद सोडण्याची भाषा पूर्वीही केली होती. ऑगस्ट जवळ आला की ती बोलणी मागे पडत. त्यामुळे क्लबला या गोष्टीची सवय झाली होती. १९७४ च्या उन्हाळ्यात मात्र तसे झाले नाही.

सात वर्षांच्या दुष्काळाने काय केले?

१९६६ नंतर सात वर्षे लिव्हरपूलला एकही मोठा चषक मिळाला नाही. ज्या खेळाडूंनी पहिले यश दिले, त्यांच्यावर शँकली यांचा जीव होता. त्यांचे वय झाले, तरी त्यांना बाजूला करायला मन धजेना. फेब्रुवारी १९७० मध्ये दुसऱ्या श्रेणीतील वॉटफर्डने लिव्हरपूलला एफए चषकातून बाहेर काढले. त्यानंतर शँकली यांनी जुना संघ मोडला. सेंट जॉन, येट्स, गोलरक्षक टॉमी लॉरेन्स यांची जागा नव्यांनी घेतली.

या काळात त्यांच्या स्वभावाची कठोर बाजूही दिसली. दुखापत झालेल्या खेळाडूशी ते बोलत नसत. तो समोरून आला तरी त्याच्याकडे पाहत नसत. जो खेळू शकत नाही तो त्यांच्या दृष्टीने जणू तिथे नसायचाच. संघाबाहेर काढल्याचे खेळाडूला समोर बसवून सांगणेही त्यांना जमत नसे. सेंट जॉन यांना आपण संघात नाही हे शँकली यांच्याकडून कळलेच नाही, आणि ते शल्य त्यांनी पुढे बोलून दाखवले. चाहत्यांना तळहातावर जपणारा हा माणूस उपयोग संपलेल्या खेळाडूपासून तोंड फिरवत असे. काही वर्षांनी मेलवूडवर त्याच जागी ते स्वतः उभे राहणार होते.

दुसरा संघ उभा राहिला. स्कनथॉर्प या छोट्या क्लबातून आधी रे क्लेमन्स आणि १९७१ मध्ये केव्हिन कीगन आले. १९७३ मध्ये लिव्हरपूलने लीग जिंकली आणि बोरुसिया मोंशनग्लाडबाखला हरवून यूएफा चषकही जिंकला. क्लबचा तो पहिला युरोपीय चषक. पुढच्या वर्षी एफए चषक आला. एकाच माणसाने एकाच क्लबमध्ये दोन वेगळे विजेते संघ घडवले होते.

मग राजीनामा का दिला?

कारण साधे होते. ते थकले होते. साठी उलटली होती. खेळाडू आणि मॅनेजर मिळून चाळीसहून अधिक वर्षे फुटबॉलमध्ये गेली होती. नेस यांनी ती सगळी वर्षे घर एकट्याने सांभाळले होते. नवरा थोडा घरी असावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. चषक जिंकून, संघ चांगल्या स्थितीत सोपवून जावे, यात गैर काहीच नव्हते.

संचालकांनी त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. अध्यक्ष स्मिथ यांना राजीनामा नको होता. बॉब पेस्ली यांनाही ती खुर्ची नको होती. त्यांनी नाइलाजाने ती स्वीकारली. शँकली ठाम राहिले.

चूक निर्णयात होती की त्याच्या स्वरूपात, हा खरा प्रश्न आहे. शँकली यांना दमणूक नकोशी झाली होती. फुटबॉल नकोसा झाला नव्हता. त्यांना मधली वाट हवी होती. पण नियम असो की प्रथा, मॅनेजरला दोनच पर्याय होते. खुर्चीत बसायचे किंवा खुर्ची सोडायची. सहा महिने सहकाऱ्यावर संघ सोपवून परत येणे हा प्रकार त्या काळी कोणी ऐकलेला नव्हता.

रजेचा पर्याय खरेच अशक्य होता का?

शँकली यांचे दोन समकालीन मित्र या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. दोघेही स्कॉटलंडचे, दोघेही खाणकामगारांच्या वस्तीतून आलेले.

पहिले मॅट बस्बी. १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडला युरोपियन चषक मिळवून दिल्यावर त्यांनी पुढच्या वर्षी संघाची सूत्रे विल्फ मॅकगिनेस यांच्याकडे दिली. स्वतः मात्र क्लबमध्येच राहिले. खेळाडूंना खरा साहेब कोण, हे कळेना. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस यांना दूर करून बस्बींना परत यावे लागले. त्यांच्यानंतरचे फ्रँक ओफॅरेल हेही दीड वर्षात गेले. एप्रिल १९७४ मध्ये युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. लिव्हरपूलच्या शेजारच्या शहरातली ही घटना शँकली यांच्या राजीनाम्याच्या अवघे तीन महिने आधीची. जुन्या मॅनेजरची सावली नव्यावर पडली तर काय होते, हे उदाहरण ताजे होते. शँकली यांना संचालक मंडळात जागा मिळाली नाही, यामागे हीच भीती असल्याचे मानले जाते.

दुसरे सेल्टिकचे जॉक स्टीन. जुलै १९७५ मध्ये सुट्टीवरून परतताना त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. १९७५-७६ चा हंगाम त्यांचे सहायक शॉन फॅलन यांनी सांभाळला. त्या वर्षी सेल्टिकला ना लीग मिळाली ना चषक. तरीही स्टीन यांची जागा राखलेली होती. ते परतले आणि १९७६-७७ मध्ये सेल्टिकने लीग आणि स्कॉटिश चषक दोन्ही जिंकले.

म्हणजे मॅनेजर वर्षभर नसला तरी क्लब बुडत नाही, हे सिद्ध झाले. फक्त त्यासाठी अपघात व्हावा लागला. थकवा हे रजेचे कारण असू शकते, हे तेव्हा ना क्लबला सुचले ना मॅनेजरला.

मेलवूडवर नंतर काय झाले?

१० ऑगस्ट १९७४ रोजी वेम्बलीवर चॅरिटी शील्डचा सामना होता. प्रतिस्पर्धी लीग विजेता लीड्स. क्लबने शँकली यांना संघाचे नेतृत्व करत मैदानात जाण्याचा मान दिला. तो शेवटचा. लिव्हरपूलने सामना पेनल्टींवर जिंकला.

शँकली यांनी सरावाला जाणे थांबवले नाही. व्यायामाची सवय होती, मेलवूड घरापासून जवळ होते आणि तिथली माणसे त्यांचीच होती. खेळाडू त्यांना पाहून सवयीने ‘बॉस’ म्हणत. नव्या मॅनेजरला मात्र ते ‘बॉब’ म्हणून हाक मारत. पेस्ली शांत स्वभावाचे. पंधरा वर्षे ज्याच्या हाताखाली काम केले, त्याला जा म्हणणे त्यांना अवघड होते. पण एका संघाला दोन मॅनेजर चालत नाहीत. अखेर आता येऊ नये, असा निरोप शँकली यांच्यापर्यंत पोहोचला.

दोघांचीही बाजू बरोबर होती, म्हणूनच हा प्रसंग कठीण आहे. पेस्ली यांना मोकळीक हवी होती आणि ती मिळाल्यावर त्यांनी काय केले हे इतिहासात नोंदले आहे. नऊ हंगामांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन चषक. शँकली यांची दुखापतही खरी होती. त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ती लपवली नाही. ज्या क्लबला दुसऱ्या श्रेणीतून वर काढले, तिथे आपल्याला हक्काची जागा नाही, याचे दुःख त्यात आहे.

त्यांच्या घराला लागूनच एव्हर्टनचे सरावाचे मैदान होते. एव्हर्टन म्हणजे शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी. शँकली यांनी मॅनेजर असताना या क्लबची यथेच्छ टिंगल केली होती. आता त्याच मैदानावर ते सरावाला जाऊ लागले आणि एव्हर्टनने त्यांचे स्वागत केले.

शेवटची वर्षे कशी गेली?

काम मिळेल तिथे ते जात. येट्स आता ट्रॅनमेअर रोव्हर्सचे मॅनेजर होते. त्यांना शँकली यांनी काही काळ सल्ला दिला. स्थानिक रेडिओसाठी त्यांनी तत्कालीन पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांची मुलाखत घेतली. घराजवळच्या मैदानात पोरांबरोबर फुटबॉल खेळले आणि तेही जिंकण्यासाठीच खेळले. सामने पाहायला जात. कोणी चाहता दारात आला तर त्याला आत बोलावून चहा देत. फक्त दर शनिवारी ज्याच्यासाठी जगायचे, तो संघ हाती नव्हता.

२६ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तीन दिवसांनी, २९ सप्टेंबरला, ते गेले. वय ६८. अखेरपर्यंत अंगाने तंदुरुस्त असलेला हा माणूस इतक्या लवकर जाईल असे कोणालाच वाटले नव्हते. ब्रिटनमध्ये त्या वेळी मजूर पक्षाचे अधिवेशन सुरू होते. तिथे प्रतिनिधींनी उभे राहून एक मिनिट शांतता पाळली.

त्याच आठवड्यात ॲनफिल्डवर लिव्हरपूलचा सामना स्वान्सीशी होता. स्वान्सीचे मॅनेजर होते जॉन टोशॅक. त्यांना १९७० मध्ये शँकली यांनीच लिव्हरपूलमध्ये आणले होते. श्रद्धांजलीच्या वेळी टोशॅक यांनी अंगावरचा स्वान्सीचा कोट उतरवला. आत लिव्हरपूलची लाल जर्सी होती.

शँकली यांची रक्षा ॲनफिल्डच्या मैदानावर, कॉप या चाहत्यांच्या स्टँडच्या बाजूला विखुरण्यात आली. पुढच्या वर्षी मैदानाच्या एका प्रवेशद्वाराला त्यांचे नाव दिले गेले. १९९७ मध्ये कॉपबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला.

आज परिस्थिती बदलली आहे का?

बरीच. २०१२ मध्ये पेप गार्डिओला यांनी चार वर्षांत १४ विजेतेपदे जिंकून बार्सिलोना सोडले, तेव्हा थकवा हेच कारण सांगितले. ते वर्षभर न्यूयॉर्कमध्ये राहिले आणि २०१३ मध्ये बायर्न म्युनिकमध्ये नव्याने रुजू झाले. झिनेदिन झिदान यांनी २०१८ मध्ये सलग तिसऱ्या चॅम्पियन्स लीगनंतर रेयाल माद्रिद सोडले आणि दहा महिन्यांत तिथेच परतले. खुद्द लिव्हरपूलमध्ये युर्गन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्ये आपली ऊर्जा संपत आल्याचे जाहीर केले आणि हंगाम संपल्यावर निरोप घेतला. क्लबला वारस शोधायला पुरेसा वेळ मिळाला आणि चाहत्यांना निरोप द्यायलाही.

ॲलेक्स फर्ग्युसन यांची गोष्ट शँकली यांच्या सर्वांत जवळची. तेही स्कॉटलंडचे, साठीचे. २००१-०२ च्या हंगामाअखेर निवृत्त होण्याचे त्यांनी जाहीर केले होते. घरच्यांनी त्यांचे मन वळवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी निर्णय फिरवला. त्यानंतर अकरा वर्षांत त्यांनी आणखी सहा वेळा लीग जिंकली. साठीतला थकवा हा कारकिर्दीचा शेवट असतोच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. तोवर शँकली यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

तरीही रजेचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. गार्डिओला काय किंवा क्लॉप काय, दोघांनाही विश्रांतीसाठी आधी नोकरी सोडावी लागली. खुर्ची राखून ठेवून विश्रांती देणारा क्लब आजही विरळा. दर तीन दिवसांनी सामना आणि दर आठवड्याला टांगती तलवार, अशा खेळात कोणताही क्लब सहा महिने थांबायला तयार नसतो.

शँकली यांच्या बाबतीत तर अडचण आणखी वेगळी होती. कोणा एका माणसावाचून अडू नये, अशी व्यवस्था त्यांनीच लिव्हरपूलला दिली होती. जुने सहकारी टिकवले, सरावाच्या नोंदी ठेवण्याची शिस्त जपली, तरुण खेळाडू भरले. त्यामुळे ते गेले तेव्हा संघ कोसळला नाही. पहिल्याच हंगामात तो लीगमध्ये दुसरा आला आणि त्यानंतर जिंकत सुटला. मँचेस्टर युनायटेडला बस्बींना परत बोलवावे लागले. लिव्हरपूलला शँकली यांना बोलवण्याची वेळच आली नाही. मॅनेजर म्हणून यापेक्षा मोठे यश नाही. मेलवूडच्या दारातून माघारी वळलेल्या साठीच्या माणसाला मात्र त्या यशाचा उपयोग नव्हता.